व्यावहारिक नेमबाजी
व्यावहारिक नेमबाजी : कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर काढून, जागा बदलत, निरनिराळ्या अंतरांवरील व काही वेळा अर्धवट झाकलेल्या लक्ष्यांचा कमीत कमी वेळात वेध घेण्याची आधुनिक क्रीडास्पर्धा. महाराष्ट्रात नेमबाजी म्हटली, की कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून देणारी, जागेवर स्थिर राहून केलेली रायफलनेमबाजी डोळ्यांपुढे येते. तिच्यात अंतर ठरलेले, लक्ष्य ठरलेले व गोळ्यांची संख्याही ठरलेली असते. व्यावहारिक नेमबाजीत यांपैकी काहीच कायम नसते. प्रत्येक टप्प्याची मांडणी वेगळी असते आणि तो कसा सोडवावा, हे स्पर्धकाने स्वतः ठरवावयाचे असते. नवोदिताला हा खेळ आरंभी गोंधळात टाकतो, तो मुख्यतः साधनांचे वर्ग आणि नियम यांमुळे. हे वर्ग व नियम एकदम कोणी बसून ठरविलेले नाहीत. खेळाच्या इतिहासातील वादांतून ते एकेक करून आले आहेत.

या खेळाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. अमेरिकी नौसैनिक दलातील माजी अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बिग बेअर लेक या डोंगरी गावी ‘लेदरस्लॅप’ नावाच्या स्पर्धा सुरू केल्या. त्या काळच्या पोलीस व लष्करी शिक्षणात एक हात लांब करून, शांतपणे नेम धरून पिस्तूल चालविण्याचा प्रघात होता. चित्रपटांच्या प्रभावामुळे दुसरीकडे कमरेपासूनच झटपट गोळी झाडण्याचे वेड पसरले होते. यांपैकी खरोखर उपयोगी काय, हे स्पर्धेनेच ठरवावे, असा कूपर यांचा आग्रह होता. त्यामुळे शस्त्र, काडतूस व पवित्रा यांवर फारशी बंधने नव्हती. सु. सात यार्डांवरील फुगे फोडताना कमरेपासून झाडलेल्या गोळ्या वारंवार चुकत. लॉस अँजेल्स परगण्याच्या पोलीस दलातील जॅक वीव्हर यांनी १९५९ च्या सुमारास रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या रेषेत आणले आणि किंचित उशिरा, पण अचूक गोळी झाडून प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. हीच पुढे ‘वीव्हर पवित्रा’ म्हणून प्रसिद्ध झालेली पद्धती होय. स्पर्धेने एखादी रूढ समजूत पुराव्यानिशी मोडावी, याचे हे पहिले ठळक उदाहरण. पुढे रॉब लेथम व ब्रायन एनोस यांनी दोन्ही हात सारखे ताणून धरण्याचा समद्विभुज पवित्रा रूढ केला आणि स्पर्धांत वीव्हर पवित्राही मागे पडला.

पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे झाली व तीत अमेरिकेचे रे चॅपमन विजयी झाले. मे १९७६ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत ‘इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन’ म्हणजेच आयपीएससी ही संघटना स्थापन झाली. कूपर तिचे पहिले अध्यक्ष होते. अचूकता, शक्ती व वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द तिने ब्रीद म्हणून स्वीकारले. या तिन्हींचा तोल राखणे हा या खेळाचा गाभा असून पुढील बहुतेक वाद हा तोल कोणत्या बाजूस ढळला, याविषयीचेच आहेत. अमेरिकेतील शाखा १९८४ मध्ये ‘यूएसपीएसए’ या नावाने स्वतंत्रपणे नोंदविण्यात आली.

ब्रीदातील ‘शक्ती’ मोजण्यासाठी शक्त्यंक ही कल्पना आली. गोळीचे ग्रेनमधील वजन व तिचा दर सेकंदास फुटांतील वेग यांच्या गुणाकारास हजाराने भागले, की शक्त्यंक मिळतो. जोरदार काडतुसाचा धक्का सोसून नेम पुन्हा साधण्यास वेळ लागतो. म्हणून अशा काडतुसास ‘मेजर’ व सौम्य काडतुसास ‘मायनर’ ठरवून लक्ष्याच्या कडेच्या भागांत लागलेल्या गोळ्यांना मेजर काडतुसासाठी अधिक गुण देण्यात येतात. मूळ हेतू असा, की ०·४५ इंची लष्करी पिस्तूल वापरणाऱ्यावर अन्याय होऊ नये. २३० ग्रेनची गोळी ८३० फूट वेगाने गेली, तर तिचा शक्त्यंक सु. १९१ होतो. मेजरची मर्यादा दीर्घकाळ १७५ होती. परंतु नियमाने संख्या मागितली, म्हणजे लोक संख्याच पुरवितात. १९८० नंतर अव्वल स्पर्धकांनी ०·३८ सुपर या अरुंद काडतुसात ११५ ग्रेनची हलकी गोळी १,५२५ फूट वेगाने झाडून तीच मर्यादा गाठली. या काडतुसाच्या वायूचा दाब मोठा असतो. नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर बसवून तो वायू वर सोडला, की पिस्तुलाचे तोंड जवळजवळ उसळतच नाही. काडतूस अरुंद असल्याने मॅगझीनमध्ये ती अधिक संख्येने मावू लागली. पाठोपाठ तांबड्या ठिपक्याची प्रकाशीय साधने आली. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथे डग केनिग यांनी अशाच पिस्तुलाने जागतिक विजेतेपद मिळविले.

या शस्त्रस्पर्धेने खेळात खरी फूट पडली. कमरेला रोज बाळगण्याजोगे शस्त्र कसे चालवावे, हे शोधण्यासाठी निघालेला खेळ कोणीही रोज बाळगणार नाही अशा शस्त्रांचा झाला, अशी टीका जुन्या मंडळींनी केली. खुद्द कूपर यांचाही नंतरच्या वळणास विरोध होता. शर्यतीची मोटार रस्त्यावरील मोटारीसारखी नसते, तसेच हे आहे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असले, तरी साध्या पिस्तुलाने खेळू इच्छिणाऱ्याची यात कोंडी होत होती, हे मान्य करावे लागते. असंतुष्टांपैकी बिल विल्सन, केन हॅकथॉर्न, लॅरी व्हिकर्स इत्यादींनी १९९६ मध्ये ‘आयडीपीए’ ही वेगळी संघटना काढली. तीत आडोशाचा वापर सक्तीचा असून प्रत्येक टप्प्यात गोळ्या थोड्या लागतात. गुणांची तूट सेकंदांत रूपांतरित करून वेळेत मिळविण्यात येते. २०१७ पासून तुटीच्या प्रत्येक गुणास एक सेकंद धरतात. मूळ संघटनेनेही शस्त्रांचे वर्ग पाडून तोड काढली.

साधने : वर्गांची आजची व्यवस्था या तडजोडीचे फळ आहे. खुल्या वर्गात कॉम्पेन्सेटर, प्रकाशीय साधन व लांब मॅगझीन चालते. मेजरची मर्यादा १६० आहे. स्टँडर्ड वर्गात ही दोन्ही उपकरणे वर्ज्य असून मॅगझीनसह संपूर्ण पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिमी. मापाच्या पेटीत मावले पाहिजे. येथे मेजरसाठी शक्त्यंक १७० व गोळीचा व्यास किमान १० मिमी. लागतो; १८० ग्रेनची गोळी ९५० फूट वेगाने झाडून ही अट जेमतेम पुरी होते. प्रॉडक्शन वर्गात संघटनेने मान्य केलेली, कारखान्यातून निघालेली पिस्तुलेच चालतात; सर्वांचे गुणांकन मायनर असते आणि सुरुवातीस मॅगझीनमध्ये १५ हून अधिक काडतुसे भरता येत नाहीत. याखेरीज रिव्हॉल्व्हर, जुन्या १९११ धर्तीच्या पिस्तुलांचा क्लासिक वर्ग इ. वर्ग आहेत.

नवोदिताने कोणत्या वर्गापासून आरंभ करावा, या नेहमीच्या प्रश्नास अनुभवी मंडळींचे उत्तर बहुधा प्रॉडक्शन हेच असते. ९ मिमी.चे साधे पिस्तूल, चापाचे कडे पूर्ण झाकणारे होल्स्टर, ताठ पट्टा, चार-पाच मॅगझिने व त्यांचे कप्पे, डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा व कानांसाठी ध्वनिरोधक एवढे साहित्य पुरते. मोठ्या टप्प्यात कमाल ३२ गोळ्या लागतात. १५ काडतुसांच्या हिशेबाने दोनदा मॅगझीन बदलावेच लागते, आणि चुकलेल्या गोळ्यांसाठी आणखी एक हाताशी असावे लागते. पट्टा ढिला असणे ही क्षुल्लक वाटणारी, पण फार महाग पडणारी चूक होय. कारण पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर येते. घरी भरलेली काडतुसे वापरणाऱ्याने शक्त्यंक मर्यादेच्या अगदी कडेला ठेवू नये. मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाच्या काडतुसांचा नमुना घेऊन गोळी वजनकाट्यावर व वेग वेगमापकावर तपासतात. मेजर म्हणून नोंदविलेले काडतूस मर्यादेखाली आले, तर गुणांकन मायनर होते. मायनरची १२५ ही मर्यादाही न गाठल्यास खेळता येते, पण गुण मिळत नाहीत. १२४ ग्रेनची गोळी व १,०५० फूट वेग यांनी सु. १३० शक्त्यंक मिळतो व थोडी सुरक्षित जागा उरते.

गुणांकन : पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर अ, क व ड असे भाग असतात. अ भागास ५ गुण. क भागास मेजरसाठी ४ व मायनरसाठी ३. ड भागास अनुक्रमे २ व १. लक्ष्य चुकल्यास किंवा निषिद्ध लक्ष्यास गोळी लागल्यास १० गुण वजा होतात. मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनी भागून येणाऱ्या संख्येस ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. समजा, १६० गुणांच्या टप्प्यात एकाने १५२ गुण २० सेकंदांत व दुसऱ्याने १४४ गुण १८ सेकंदांत मिळविले. त्यांचे हिट फॅक्टर अनुक्रमे ७·६ व ८ होतात. सर्वोत्तम म्हणून दुसऱ्यास पूर्ण १६० गुण व पहिल्यास त्या प्रमाणात १५२ गुण मिळतात. चुकलेल्या गोळीने हुकलेले ५ व वजा १० असे १५ गुण जातात. आठच्या हिट फॅक्टरवर ही जवळजवळ दोन सेकंदांची हानी होय. याउलट, पुन्हा गोळी झाडण्यास अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणून चुकलेली गोळी तत्काळ भरून काढावी, क भागातील गोळी मात्र तशीच सोडून पुढे जावे, हा हिशेब स्पर्धक धावतानाच करीत असतो.

सुरक्षा : या खेळात एका चुकीने संपूर्ण स्पर्धेतून बाद होण्याचे नियम आहेत आणि त्यांत दयामाया नाही. मैदानावर पंचाच्या आज्ञेशिवाय पिस्तुलात काडतूस नसते व ते होल्स्टरबाहेर काढता येत नाही. हाताळणी व सराव फक्त राखून ठेवलेल्या सुरक्षाक्षेत्रात करता येतो. तेथे काडतुसास, मग ते नकली का असेना, हात लावणे हाच अपराध ठरतो. ‘लोड अँड मेक रेडी’, ‘आर यू रेडी’, ‘स्टँड बाय’ या आज्ञांनंतर वेळमापकाचा आवाज होतो. पुढे नळीचे तोंड मागच्या बाजूस म्हणजे ठरलेल्या ९० अंशांपलीकडे वळणे, धावताना किंवा मॅगझीन बदलताना बोट चापावर असणे, भरलेले पिस्तूल हातातून पडणे वा अनवधानाने गोळी सुटणे, यांपैकी काहीही घडले, तर स्पर्धा तेथेच संपते. उजव्या हाताच्या नवोदितास डावीकडे धावत मॅगझीन बदलताना ९० अंशांचा नियम सर्वाधिक नडतो. कारण पिस्तूल आपोआप देहाच्या दिशेने वळते. टप्प्याबाहेर रिकामे पिस्तूल खाली पडल्यास पडणे क्षम्य असते, ते स्वतः उचलणे नव्हे. ते पंचानेच उचलावयाचे असते. पडती वस्तू झेलण्याची माणसाची स्वाभाविक प्रवृत्तीच येथे धोक्याची मानली आहे, कारण झपकन पकडताना बोट चापावर जाते. पोलादी लक्ष्यांपासून किमान ७ मी. अंतर राखण्याच्या नियमामागे उसळून परतणाऱ्या तुकड्यांची भीती आहे.

सार्वजनिक टीकेमुळेही खेळाचे रूप बदलले. लढाऊ पोषाखास परावृत्त करण्यात आले आणि मस्तक नसलेले अष्टकोनी लक्ष्य प्रचारात आले. तरीही कायद्यांचा फटका टळला नाही. डनब्लेन येथील १९९६ च्या शालेय हत्याकांडानंतर ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्याने पिस्तुलांवर बंदी आली व तेथील खेळाडू शॉटगन आणि रायफलीकडे वळले. ऑस्ट्रेलियात २००३ पासून पिस्तुलाच्या व्यासावर व मॅगझीनवर मर्यादा आल्या. शॉटगनची पहिली जागतिक स्पर्धा २०१२ मध्ये हंगेरीत, रायफलीची २०१७ मध्ये रशियात आणि प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या नकली पिस्तुलांची २०१८ मध्ये हाँगकाँग येथे झाली. पिस्तुलाच्या जागतिक स्पर्धांत फ्रान्सचे एरिक ग्रॉफेल यांनी १९९९ पासून वारंवार विजेतेपदे मिळविली.

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम व २०१६ चे शस्त्र नियम लागू असून ९ मिमी. पिस्तूल प्रतिबंधित वर्गात मोडते. सर्वसाधारण परवानाधारकास मिळू शकणाऱ्या ०·३२ इंची पिस्तुलाची ७१ ग्रेनची गोळी सु. ९०० फूट वेगाने जाते. म्हणजे तिचा शक्त्यंक ६४ च्या आसपास, मायनरच्या मर्यादेच्या निम्म्याइतका भरतो.