कार्बन-उत्सर्जनाचे व्यापारजन्य स्थानांतर

एका प्रदेशात उपभोगिल्या जाणाऱ्या वस्तूंच्या उत्पादनापायी दुसऱ्या प्रदेशात कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत सोडला जाण्याची प्रक्रिया. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या यंत्राचे पोलाद चीनमध्ये तयार झाले असेल, तर त्यासाठी जाळलेल्या कोळशाचा धूर चीनच्या खाती नोंदला जातो. वस्तूचा उपयोग मात्र ब्रिटनमधील ग्राहकास होतो. अशा रीतीने वस्तूबरोबर अदृश्य रूपाने देशोदेशी जाणाऱ्या उत्सर्जनास ‘अंतर्भूत उत्सर्जन’ म्हणतात.

या प्रश्नाचे मूळ उत्सर्जनाच्या नोंदपद्धतीत आहे. रीओ दे जानेरो येथील १९९२ च्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामानबदलविषयक करार सह्यांसाठी खुला झाला. त्याखालील नोंदीत प्रत्येक देशाने आपल्या भूप्रदेशात घडणारे उत्सर्जन मोजावयाचे असते. आंतरराष्ट्रीय जलवाहतूक व विमानवाहतूक यांचे इंधन राष्ट्रीय बेरजेबाहेर ठेवले जाते. डिसेंबर १९९७ मध्ये संमत झालेल्या क्योटो करारानेही हीच पद्धत स्वीकारली. त्यानुसार औद्योगिक राष्ट्रांनी २००८–१२ या कालखंडात हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेने सरासरी ५·२ टक्क्यांनी घटवावयाचे होते. विकसनशील राष्ट्रांवर असे बंधन नव्हते. त्यामुळे एखादा कारखाना बंधन असलेल्या देशात बंद होऊन बंधन नसलेल्या देशात उभा राहिला, तर पहिल्या देशाची आकडेवारी सुधारे. पृथ्वीच्या वातावरणास मात्र त्याचा लाभ होत नसे.

उपभोगाच्या आधारे उत्सर्जन मोजण्याचे साधन अर्थशास्त्रात आधीच उपलब्ध होते. व्हासिली लिऑन्टिएफ यांनी विकसित केलेल्या आदान-प्रदान विश्लेषणाने एका उद्योगाची दुसऱ्या उद्योगाकडून होणारी खरेदी कोष्टकात मांडता येते. १९७० मध्ये त्यांनी ही पद्धत प्रदूषणाच्या मापनास लावून दाखविली. १९९४ मध्ये अँड्रू वायकॉफ व जोसेफ रूप यांनी सहा मोठ्या औद्योगिक राष्ट्रांचा अभ्यास केला. त्या राष्ट्रांच्या एकूण कार्बन-उत्सर्जनाच्या सु. १३ टक्के इतके उत्सर्जन त्यांनी आयात केलेल्या कारखानी मालात अंतर्भूत असल्याचे त्यांना आढळले.

डिसेंबर २००१ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केल्यावर या प्रवाहास वेग आला. चीनची वीज व पोलाद यांचा मुख्य आधार कोळसा असल्याने तेथील मालामागे उत्सर्जनही अधिक होई. २००५ मध्ये चीनच्या सु. एकतृतीयांश उत्सर्जनाचे कारण निर्यातीसाठी होणारे उत्पादन होते. ग्लेन पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार विकसनशील देशांकडून विकसित देशांकडे व्यापारामार्फत होणारे निव्वळ स्थानांतर १९९० मधील ४० कोटी टनांवरून २००८ मध्ये १६० कोटी टनांवर गेले. क्योटो करारान्वये साधावयाच्या घटीपेक्षा ही वाढ मोठी होती. २००८ च्या सुमारास मात्र हा वाढता कल थांबला व पुढे तो काहीसा उतरला.

या वाढीचे खापर केवळ हवामानविषयक निर्बंधांवर फोडता येत नाही. निर्बंध टाळण्यासाठी झालेले स्थलांतर त्यात थोडे आहे. स्वस्त मजुरी, वाढती मागणी व जलवाहतुकीतील सुधारणा ही कारणे अधिक प्रभावी ठरली. तसेच श्रीमंत देशांतील सर्वच घट आभासी नाही. ब्रिटनमध्ये १९९० नंतर वीजनिर्मितीत कोळशाची जागा नैसर्गिक वायूने घेतली, ही खरी बचत होती. परंतु त्याच काळात आयात मालातील उत्सर्जन वाढत गेले. तेथील संसदीय समितीने २०१२ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले.

एकाच देशाच्या अंतर्गतही असे स्थानांतर घडते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार चीनमधील ५७ टक्के उत्सर्जन अशा मालाशी निगडित होते, की ज्याचा उपभोग उत्पादक प्रांताबाहेर होत होता. किनाऱ्यावरील संपन्न प्रांतांच्या गरजांसाठी अंतर्भागातील गरीब प्रांत कोळसा जाळीत होते.

जबाबदारी कोणाची, हा यातील खरा वाद होय. उपभोक्त्यावर ती पूर्णतः टाकली, तर उत्पादकास इंधन वाचविण्याचे कारण उरत नाही; शिवाय निर्यातीपासून मिळणारा रोजगार व उत्पन्न उत्पादक देशासच लाभते. उत्पादकावर टाकली, तर श्रीमंतांच्या उपभोगाचा भार गरिबांच्या खाती पडतो. म्हणून ती दोघांत वाटून घ्यावी, असेही सुचविले गेले आहे. २०१५ च्या पॅरिस करारातही प्रादेशिक नोंदपद्धतच कायम राहिली. यूरोपीय संघाने २०२३ मध्ये सीमेवरील कार्बन-आकारणीचा कायदा केला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज व हायड्रोजन यांच्या आयातीवर तो लागू असून ऑक्टोबर २०२३ पासून प्रथम केवळ माहिती देण्याचे बंधन आले. आकारणीचा टप्पा जानेवारी २०२६ पासून ठरविण्यात आला. भारत, चीन इ. देशांनी त्यास आक्षेप घेतला आहे. वस्तूमागील उत्सर्जन मोजण्याचे तत्त्व या कायद्याने व्यवहारात आणले. परंतु त्याचा खर्च निर्यातदार गरीब देशांवर पडू नये, यासाठी तंत्रज्ञान व भांडवल यांचे साहाय्य कसे द्यावयाचे, हा प्रश्न त्याने सोडविलेला नाही.