डिटॉक्स डाएटने वजन खरंच कमी होते का? ते सुरक्षित आहे का?

नवी मुंबईत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना बागेबाहेर मिळणारे दुधी, कारले, आवळा, बीट आणि गव्हांकुराचे रस नवीन नाहीत. याच्या पुढची पायरी म्हणजे तीन, पाच किंवा सात दिवसांचे 'डिटॉक्स': जेवण बंद, फक्त रस, काढे किंवा लिंबू-मधाचे पाणी. 'शरीर आतून साफ होते आणि वजन उतरते' असे त्याबद्दल सांगितले जाते. यातले खरे किती, ते पाहू.

थोडक्यात उत्तर

• सुरुवातीला काट्यावर वजन कमी दिसते, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. जेवण सुरू झाले की ते परत येते.
• निरोगी व्यक्तीने एखादा दिवस हलका आहार घेतला तर सहसा अपाय होत नाही.
• मधुमेह, किडनीचा आजार किंवा रोजची औषधे सुरू असतील तर मात्र धोका खरा आहे.
• कडू दुधीचा रस कोणाच्याही जिवावर बेतू शकतो.

वजन कशामुळे उतरते?

आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. खाणे एकदम कमी केले की आधी हा साठा वापरला जातो आणि त्यासोबतचे पाणी लघवीवाटे निघून जाते. आतड्यांतले अन्नही कमी झालेले असते.

चरबीचा हिशेब वेगळा आहे. १ किलो चरबी घटायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. रोज १,८०० कॅलरींची गरज असलेल्या व्यक्तीने पाच दिवस फक्त ६०० कॅलरींचा रस घेतला, तर एकूण तूट होते ६,००० कॅलरी. म्हणजे काट्यावर अडीच-तीन किलो उतरले, तरी त्यात चरबी १ किलोही नसते. शिवाय रसात प्रथिने फारच कमी असल्याने थोडे स्नायूही झिजतात.

'विषारी द्रव्ये' बाहेर पडतात का?

हे काम यकृत आणि किडन्या रोज करतच असतात. प्रथिनांच्या पचनातून तयार होणाऱ्या अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते. किडन्या दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि नको असलेले लघवीतून बाहेर टाकतात. रस प्यायल्याने या कामाचा वेग वाढतो असा पुरावा नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात, बाजारातील डिटॉक्स डाएटचा वजनावरचा परिणाम नीट तपासणारी एकही दर्जेदार चाचणी आढळली नव्हती.

दुधीचा रस: हे जरूर वाचा

जून २०१८ मध्ये पुण्यातील चाळिशीतल्या एका महिलेने सकाळी धावून आल्यावर दुधीचा रस घेतला. थोड्याच वेळात उलट्या आणि जुलाब सुरू झाले आणि रुग्णालयात उपचार होऊनही काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. त्याआधी २०१० मध्ये दिल्लीतील एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा एकत्र रस घेतल्यावर मृत्यू झाला होता.

काकडी, दुधी या वर्गातील फळभाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एखाद्या दुधीत त्यांचे प्रमाण खूप वाढते. त्यामुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. यावर उतारा म्हणून औषध नाही. लक्षणांवर उपचार करावे लागतात. बाहेरून दुधी पाहून काही कळत नाही, चवीवरूनच कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीच्या सूचनांचे सार असे:

• रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर दुधी टाकून द्या.
• दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो.
• रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थ वाटले तर लगेच रुग्णालयात जा.

शिजवल्यानेही हा कडूपणा भरवशाने नाहीसा होत नाही. म्हणून कडू दुधीची भाजीही खाऊ नका.

कोणी डिटॉक्स करू नये?

• मधुमेहाचे रुग्ण: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेऊन जेवण टाळल्यास साखर अचानक उतरते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांत उपाशी राहिल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते.
• किडनीचे रुग्ण: फळांचे रस आणि नारळपाण्यातील पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते. पालक आणि बीटच्या रसातील ऑक्झॅलेट किडनीला इजा करू शकते.
• रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणारे: हिरव्या पालेभाज्यांच्या रसातील 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो.
• रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणारे, गर्भवती, स्तनपान देणाऱ्या माता, मुले आणि वृद्ध.

'डिटॉक्स चहा'च्या पाकिटावर सोनामुखी लिहिलेली असेल तर ते जुलाबाचे औषध आहे. त्याने चरबी नाही, पाणी आणि क्षार जातात.

मग वजन कसे कमी करावे?

भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. आठवड्याला साधारण अर्धा किलो कमी होणे पुरेसे आहे. फार झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ८० किलोच्या व्यक्तीचे ४ किलो कमी होऊन टिकले, तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसतो.

सुरुवात छोट्या बदलांनी करा. दिवसात चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५० कॅलरी. एवढी साखर सोडली तरी महिन्याला ४,५०० कॅलरी वाचतात. रसाऐवजी अख्खे फळ खा. ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबिरीचा ठेवा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासे यांपैकी काही घ्या आणि आवडता व्यायाम नियमित करा.

रुग्णालयात कधी न्यावे?

रस किंवा काढा घेतल्यावर वारंवार उलट्या, उलटीत किंवा शौचात रक्त, चक्कर, दरदरून घाम, धाप, गुंगी किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. कशाचा रस, किती आणि केव्हा घेतला, तसेच कोणती औषधे सुरू आहेत, हे डॉक्टरांना सांगा. रस उरला असेल तर तोही सोबत न्या.