अरिया, हाबेस आणि टोपस

आमच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी हाय, पूर्णा हाय, दुधना हाय, त्याबी उन्हाळ्यात नुसती वाळू. मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीवर, आईसोबत. आई म्हणली, "एवढं पाणी, आन् घोटभर पिता येत नाही." तरीबी मी शिडाच्या जहाजावर लिहितोय. कारण ते जहाज आमच्या गिरणीत रोज येतं.

साखळीवर मोटार वर घ्यायची असली की मिस्तरी ओरडतो, "हाबेस, हाबेस!" खाली सोडायची असली की, "अरिया!" मी विचारलं, याचा अर्थ काय? म्हणला, "उस्तादानं शिकवलं तसं ओरडायचं." मग शोधत गेलो. अरिया पोर्तुगीजातनं आलाय. शीड उतरव, दोर सैल सोड. ही खलाशांची बोली. पोर्तुगीज, हिंदुस्थानी, अरबी, बंगाली, आपलं मराठी, सगळ्याची खिचडी. थॉमस रोबक या कंपनी सरकारच्या लेफ्टनंटनं १८११ साली कलकत्त्यात तिचा कोश छापला. साहेबाला हुकूम देता यावा म्हणून!

आता त्या दोराला लटकलेल्या माणसाचा दिवस बघा. वाळूच्या घड्याळावर दर अर्ध्या तासाला घंटा. आठ ठोके पडले की चार तासांची पाळी संपली. आपल्याला भोंगा, त्यांना घंटा. पहाटे डेकवर वाळू टाकायची, पाणी ओतायचं, गुडघ्यावर बसून दगडानं फळ्या घासायच्या. तळात झिरपलेलं पाणी पंपानं उपसायचं. वारा फिरला की दोराच्या शिडीवरनं डोलकाठीवर चढायचं. वर आडव्या लाकडावर पोट टेकवायचं, पायाखाली एकच दोर, आणि दोन्ही हातांनी भिजलेलं शीड गुंडाळायचं. हात सुटला की माणूस गेला. जेवायला डाळभात, सुकी मासळी. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्याचा, त्यातबी भरती करणाऱ्या सारंगाची दस्तुरी. १८२३ च्या कायद्यानं तर सांगूनच टाकलं की हिंदी खलाशी हा ब्रिटिश खलाशी नव्हेच. जहाज तुमचं, घाम आमचा, माणूस मात्र कुणाचाच नाही.

इथपर्यंत कुठलाबी कामगार पुढारी माझ्यासंगं येईल. पुढं मात्र त्याची जीभ अडखळते.

जहाजावरची उतरंड अशी. सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब, भंडारी, खलाशी. आणि सगळ्यात खाली टोपस. सतराव्या-अठराव्या शतकात पोर्तुगीज वंश सांगणाऱ्या काळ्या ख्रिश्चनांना टोपस म्हणायचे. पुढं या शब्दाचा अर्थ झाला जहाजावरचा झाडूवाला, संडास धुणारा. आणि ते काम आलं आपल्याच भंगी-मेहतर भावांच्या वाट्याला. समुद्र ओलांडला की जात बुडते, असं शास्त्र सांगत होतं ना? सवर्णाची बुडत असंल. झाडूवाल्याची जात पोहत पोहत जहाजावर चढली आणि तिला हुद्दा मिळाला. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वर नाविकांनी बंड पुकारलं, तेव्हाबी त्या नौदलात टोपस ही भरती होतीच.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाचं 'त्रिंकोमाली' जहाज बांधलं. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात गेलं. तीन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगाव. कोरेगावला स्तंभ तरी हाय, त्यावर आपली नावं हायत. त्रिंकोमाली आज इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलंय, लोक तिकीट काढून बघतात. बांधणाऱ्या वाडियांचं नाव राहिलं, तोफांचा हिशेब राहिला. बादलीवाल्याचा हिशेब कुणी ठेवत नसतो.

आणखी एक. मुंबईच्या डोंगरीत विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड शिडाला लागायचं, खलाशाच्या विजारीला लागायचं. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द त्यावरनंच. पुढं मुंबईत कापडाच्या गिरण्या आल्या, तिथं साचाखात्यात महाराला बंदी. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आपल्या थुंकीनं धोटा बाटायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. म्हणजे जहाजावर झाडू आपल्याला, गिरणीत साचा मात्र दुसऱ्याला.

मी कामाला लागलो त्या दिवशी मुकादमानं आधी आडनाव विचारलं. मग काम दाखवलं. नऊ महिने मी कापसाची धूळ झाडली. माझ्यासंगं लागलेला दुसरा पोरगा पहिल्याच आठवड्यात मशीनवर उभा होता.

मित्रांनो, एक काम करा. आपापल्या वस्तीत म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुणाचा बाप, आजा गोदीत होता का, बोटीवर झाडूला होता का. त्याचं नाव, गाव, बोटीचं नाव, आठवंल तेवढं लिहून आणा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. माझंबी तसंच हाय.