शाईतले व्याल आणि चौकटीतला मोर

इ. स. 1480 च्या सुमारास रोम नगरीतील एका टेकडीच्या उदरात सम्राट नीरोच्या सुवर्णप्रासादाची मातीने बुजलेली दालने उघडकीस आली, आणि मशाली घेऊन खाली उतरलेल्या चित्रकारांनी छतावरचे सपक्ष पशू, वेलींतून उगवलेले अर्धमानव व निराधार उभे राहिलेले नाजूक स्तंभ शाईने कागदावर उतरवून घेतले. त्याच अभ्यासातून पुढे राफाएल आणि जोव्हान्नी दा ऊदिने यांनी व्हॅटिकनचे सज्जे सजवले.

अशा अद्भुताची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. सोलापूरच्या दक्षिणेस, भीमा-सीनेच्या संगमावर, शके 940 चा मराठी शिलालेख जपणाऱ्या हत्तरसंग-कुडलला 359 मुखांचे शिवलिंग आहे. त्यापुढे इटालियन कल्पनाही थिटी वाटावी. मकर, व्याल, कीर्तिमुखे ही तर आपल्या स्थपतींची पिढीजात मिरासच.

प्राचीन शिल्पांसमोर कागद घेऊन बसणारा आपल्याकडचा ठळक पुरुष म्हणजे पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट. पेशवे दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या फर्माईशीवरून त्याने 1790 च्या दशकात वेरूळ-कार्ल्याची लेणी शाईने व पातळ रंगांनी रेखाटली. शनिवारवाड्यातील चित्रशाळेत जेम्स वेल्सकडून त्याने पाश्चात्य यथादर्शन उचलले असले, तरी त्याच्या रेषेतला मराठी हट्ट लपत नाही. मात्र ती चित्रे साहेबाच्या दप्तरी जमा झाली आणि आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. इथल्या कारागिरांना त्यांचा काय उपयोग झाला, हा प्रश्न मला छळतो.

सोलापुरात मात्र रेषा कारागिराच्या हातीच राहिली. 1877 साली जुनी गिरणी सुरू झाली, तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, आणि पुढे छिद्रे पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या जेकार्ड मागाने शहराच्या नक्षीला नवे वळण दिले. नक्षी आखणारा कारागीर चौकटींच्या कागदावर मोर काढतो, तेव्हा उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा फेर, आणि भरलेली चौकट म्हणजे कार्डातील छिद्र. तेथे मागाचा आकडा (हुक) उचलला जातो व धागा वर येतो. मोराची मान काही वर्तुळाकार विणता येत नाही. तिच्या पायऱ्याच पडतात. म्हणून वळणापाशी तो पाच घरांची पायरी तीनवर, तीनची दोनवर आणतो. आता हे काम संगणकाच्या पडद्यावर होते. पायऱ्या मात्र अजूनही तशाच मोजाव्या लागतात.