स्वरांचा हिशेब आणि उघडी वही

संगणकाने संगीतरचना केली, असे कानी आले की जाणत्या रसिकांच्या कपाळाला आठी पडते. आम्हीही त्याच पंक्तीतले होतो. परंतु नियम बांधून स्वरांची मांडणी करणे ही कल्पना आपणांस परकी नाही. नवी तर नाहीच.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीर सोडून दक्षिणेत स्थिरावले. म्हणजे घराणे तुमच्याआमच्यासारखेच मूळ गाव सोडून आलेले. स्वतः शार्ङ्गदेव राजदप्तरातील हिशेबाचा अधिकारी. ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात त्याने सात स्वर, प्रत्येक एकदाच घेऊन, किती क्रमांनी मांडता येतात हे सांगितले : ५०४०. शिवाय ‘खंडमेरू’ नावाचा आकड्यांचा कोठा दिला. त्यावरून अमुक क्रमांकाची तान कोणती, हे काढता येते. तिला ‘नष्ट’ म्हणतात. उलट तानेवरून तिचा क्रमांक सांगणे, ते ‘उद्दिष्ट’. सर्व ताना लिहून ठेवण्याचे कारण नाही. रीत जपली की पुरे. आज ‘अल्गोरिदम’ म्हणतात तो याहून वेगळा नव्हे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी १९५७ साली ‘इलियाक सूट’ ही चार तंतुवाद्यांची रचना पूर्ण केली. संगणक यदृच्छेने आकडे काढी, त्यांचे स्वर होत आणि पाश्चात्त्य स्वरसंवादाच्या नियमांत न बसणारे स्वर बाद होत. पुढे अशा कामासाठी अनेक आज्ञावल्या निघाल्या. पण त्यांपैकी कित्येक एकेका यंत्रालाच बांधलेल्या होत्या. यंत्र मोडीत निघाले की विद्याही गेली. हे ओळखून एमआयटीतील बॅरी व्हर्को यांनी १९८६ साली ‘सीसाउंड’ ही आज्ञावली कोणत्याही यंत्रावर नेता येईल अशा सी भाषेत लिहिली. जेम्स मॅकार्टनी यांची ‘सुपरकोलायडर’ १९९६ पासून विकत मिळे. २००२ साली त्यांनी तिची मूळ संहिता सर्वांस खुली केली. तेव्हापासून अनेक देशांतील लोक ती वाचतात, दुरुस्त करतात, वाढवितात.

येथे आम्हांस पंडित भातखंडे आठवतात. चिजा देण्यास अनेक उस्ताद राजी नसत. तरीही शेकडो बंदिशी मिळवून, स्वरलिपीत बांधून त्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद आणि १९१८ चे ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय ही त्याच वृत्तीची फळे. घराण्याची विद्या बाहेर गेल्याने गाणे खालावेल, ही भीती तेव्हाही होती. खालावले नाही, उलट टिकले.

नियमाने कला सिद्ध होते, असे आम्ही म्हणत नाही. ५०४० क्रमांतून कोणता केव्हा घ्यावा, हे गवयाचेच काम. कोठा किंवा यंत्र ते सांगणार नाही. परंतु रीतच कुलुपात राहिली, तर पुढच्या गवयाच्या हाती निवडण्यास उरणार काय?

आमच्या आत्याबाईंनी चाळीस वर्षे चिजांची वही कोणास दाखविली नाही. त्यांच्या पश्चात पेटी उघडली, तेव्हा वाळवीने अक्षर शिल्लक ठेवले नव्हते. आपल्याही घरी अशी वही असेल, तर या दिवाळीच्या आवराआवरीत ती काढावी, उतरवून घ्यावी आणि मागेल त्यास द्यावी.