ऋण सोडणे म्हणजे नेमकं काय?

मंडळी, या शनिवारी कोड नाही, क्रिकेट नाही. आज दोन साध्या शब्दांपासून सुरुवात करूया. क्षमा आणि माफी.

आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची गावं वेगळी आहेत. 'क्षमा' संस्कृतातली. मूळ अर्थ सहन करणे, म्हणून तर पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. 'माफी' अरबीतून फारसीमार्गे आली आणि महसुलाच्या कागदांत रुळली. साराफाळा माफ, माफी जमीन आणि अर्थातच कर्जमाफी. आमच्या डोणगावात (तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा) पारावर नुसतं 'माफी' म्हणून बघा. समोरून प्रश्न येईल, "किती लाखापर्यंत?"

आता गंमत बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात क्षमा मागताना मूळ ग्रीकमध्ये 'पाप' हा शब्द नाहीच. तिथे शब्द आहे 'देणं'. मराठी बायबलातही तिथे ऋणच आहे. म्हणजे आमच्यावरचं ऋण सोड, जसं आम्ही आमच्या ऋणकोंना सोडतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गालीलातल्या शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना हे समजावून सांगायची गरज पडली नसणार. कर्ज म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडेही ठाऊक आहे.

हे पान एका मराठी माणसाने १८९३ साली रेल्वेत मिळालेल्या पुस्तकात वाचलं. नारायण वामन टिळक. (लोकमान्य वेगळे, हे कवी.) नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला आणि हे वाचा म्हणाला. टिळकांनी वाचायचं वचन दिलं आणि पाळलं. वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. वरची प्रार्थना त्याच प्रवचनात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच मत्तयात पुढे अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा माफ करायचं? सात वेळा? उत्तर येतं, सात नव्हे, सातांच्या सत्तर वेळा. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे काउंटर लावायचाच नाही. मग एक गोष्ट येते. एका चाकराला राजाचं दहा हजार तालांत देणं असतं. राजा ते सगळं सोडून देतो. तो चाकर बाहेर येतो आणि त्याचे शंभर दीनार देणं लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो.

इंजिनिअर माणूस, आकडा दिसला की हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. एक दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस धरले तरी दोन लाख वर्षं! सोबत्याचं देणं मात्र शंभर दिवसांचं. प्रमाण सहा लाखाला एक. सांगणाऱ्याने आकडा मुद्दाम अशक्य ठेवलाय. जे फिटूच शकत नाही ते सोडलं गेलं, तर जे फिटू शकतं त्याच्यासाठी गळा का धरायचा, इतकंच म्हणणं.

सरकारी माफी अशी नसते. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. विदर्भात कोरडवाहू शेती, चार हेक्टर असूनही हाती काही नाही असे कितीतरी. ते पूर्ण माफीच्या बाहेर राहिले. खाजगी सावकाराचं देणं तर त्यात नव्हतंच. निकष, यादी, पात्र, अपात्र. त्या गोष्टीतला राजा सातबारा मागत नाही. दिलासा तो इथेच.

या दिलाशाचा अर्थ आपल्याकडे सगळ्यात नीट कोणाला कळला असेल तर तो पंडिता रमाबाईंना, असं मला वाटतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनजवळ फुलहॅमला जोगिणींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. ज्यांना समाज 'पतित' म्हणून टाकून देतो अशा बायकांना तिथे मायेने ठेवून घेत होते. धर्मशास्त्रांत अशा बाईला काय शिक्षा सांगितल्यात हे संस्कृत पंडितेला पाठ होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची आणि येशूची गोष्ट त्यांना सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण सगळं मान डोलावून घेतलं असं नाही. वॉन्टेजच्या जोगिणींशी त्यांचे धर्मावरून पत्रांतून कडाक्याचे वाद झाले.

महत्त्वाचं पुढचं आहे. केडगावला (तालुका दौंड) मुक्ती मिशन उभं राहिल्यावर त्यांनी अशाच बायकांसाठी 'कृपासदन' काढलं. म्हणजे क्षमा हा शब्द त्यांनी अंथरूण, जेवण आणि हाताला काम इथपर्यंत आणला. नुसतं 'तुला माफ केलं' म्हणून रस्त्यावर सोडून दिलं तर त्या माफीचा उपयोग काय?

आता उलट बाजू. माफ करणारा माणूस कसा असतो? त्यासाठी परत टिळकांच्या घरात जावं लागेल, पण यावेळी लक्ष्मीबाईंच्या बाजूने.

ज्या पानाने टिळकांना शांती दिली, त्याच पानापायी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पदरात लहान मुलगा, नवरा बाटला म्हणून बोलणारी तोंडं, नातेवाईकांच्या घरी काढलेले दिवस. ताटातूट चांगली चार-पाच वर्षं चालली. टिळक मनाने मोठे, पण शीघ्रकोपी. आधीही न सांगता घर सोडून गेलेले. हिशोब लावायचा म्हटलं तर बाईंच्या वहीत भरपूर येणं होतं.

त्या परत आल्या, पण स्वतःच्या अटींवर. नवऱ्याजवळ राहायला लागल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक आणि पाणी वेगळं. जातपात देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कोणी म्हणालं म्हणून नाही.

टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी गोळा करत होता. त्यातून बाईंची 'स्मृतिचित्रे' जन्माला आली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने यायला लागली. हे पुस्तक वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. बाई काहीच विसरलेल्या नाहीत! टिळकांचा राग, विक्षिप्तपणा, पैशाचा घोळ, तो वियोग, सगळं तपशिलात आहे. पण वसुलीची भाषा कुठेच नाही. उलट हसू येतं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते पुढे लिहून पूर्ण केलं तेही याच बाईंनी.

म्हणून मला पटत नाही ते 'माफ करा आणि विसरा'. आपल्याकडे हा उपदेश बहुधा घरातल्या दुबळ्यालाच केला जातो. सुनेला, धाकट्या भावाला, सालदाराला. लक्ष्मीबाईंनी वही जाळली नाही, वही जपली. फक्त खाली 'येणे बाकी' लिहायचं सोडून दिलं.

हे सगळं मी का वाचतोय? आमच्या घरातही एक बांध आहे. दीड-दोन हाताचा असेल. त्यावरून माझ्या वडिलांचा आणि काकांचा बारा वर्षं अबोला. मी वारकऱ्याच्या घरातला, धर्म बदलायचा विचार नाही की कोणी सांगितलेलंही नाही. पण 'ऋण सोडणे' हा शब्दप्रयोग डोक्यात बसला तो बसलाच. बांध कुठे आहे ते मोजणीने ठरेल, आणि ठरलंच पाहिजे. तो अर्ज मागे घ्यायचं काही कारण नाही. पण चार माणसांत वडिलांना जे बोललं गेलं, त्याची वसुली? ती कोणत्या मोजणीत निघणार? ती रक्कम काकांकडे नाहीच, कितीही मागितली तरी. मग ते खातं बंद करायला काय हरकत आहे? पुढच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीचं बारसं आहे. बोलावणं आलंय, मी जाणार आहे. वडील येतील की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. त्यांच्या वाटचं ऋण मी कसं सोडणार?

इथे एक सांगायला हवं. त्या चाकराच्या गोष्टीचा शेवट गोड नाही. गळा धरल्याचं कळताच राजा त्याला परत बोलावतो आणि सगळं फिटेपर्यंत शिक्षा करणाऱ्यांच्या हवाली करतो. सहा कोटी दिवसांची मजुरी फिटणार कधी? लहानपणी असली गोष्ट ऐकली असती तर देवाचा राग आला असता. आता वाटतं, यात राजा फारसा लागतच नाही. दुसऱ्याचा गळा धरून ठेवायचा तर आपलेही दोन्ही हात अडकलेलेच राहतात.

असो. 'स्मृतिचित्रे' वाचली नसेल तर जरूर वाचा. जाड आहे, पण एकदा धरली की सुटत नाही. सोमवारी ऑफिस आहे हे लक्षात ठेवून सुरू करा, एवढंच.