हिंदी महासागरातील नैर्ऋत्य बेटे : लोकरचना

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापलीकडील मादागास्कर, कोमोरो, मायोत, मॉरिशस, रेयुनियों आणि सेशेल्स या बेटांवरील लोकसमूहांची घडण. यांपैकी रेयुनियों व मायोत फ्रान्सचे भाग असून बाकीची बेटे स्वतंत्र राष्ट्रे आहेत. या प्रदेशाची वांशिक टक्केवारी एकाच तक्त्यात देण्याची पद्धत रूढ असली, तरी ती दिशाभूल करणारी आहे. फ्रान्सच्या जनगणनेत वंश विचारला जात नाही आणि मॉरिशसने १९७२ नंतर जमातीची नोंद बंद केली. म्हणून येथील माणसे ओळखायची तर कोणाला कोणी, कोठून आणि कोणत्या कामासाठी आणले, हेच आधी पाहावे लागते.

मादागास्करची गोष्ट मात्र वेगळी आहे. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात आग्नेय आशियातील दर्यावर्दी येथे उतरले. मालागासी भाषेची सर्वांत जवळची नातलग शेजारच्या आफ्रिकेत सापडत नाही. ती बोर्निओतील बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी माआन्यान होय. पठारावरची भातखाचरे आणि किनाऱ्यावरच्या उलांडीच्या होड्या हा त्याच प्रवासाचा वारसा. आफ्रिकेतून आलेल्या बांटू लोकांशी त्यांचा मिलाफ झाला. सरकारी मोजणीप्रमाणे बेटावर १८ जमाती आहेत. त्यांत मेरिना सर्वांत मोठी. बेत्सिमिसाराका, बेत्सिलेओ, साकालावा व अंतांद्रोय या इतर प्रमुख. एकोणिसाव्या शतकात पठारावरच्या मेरिना राजांनी बेटाचा बहुतेक भाग जिंकला आणि पठारी व किनारपट्टीचे लोक यांच्यात तेढ पडली. १८९६ नंतर फ्रेंच गव्हर्नर गालिएनी याने जमातवार कारभार लावून ती आणखी पक्की केली. ‘कराना’ म्हणून ओळखले जाणारे गुजराती वंशाचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या येथे राहत असूनही त्यांच्यातील अनेकांना नागरिकत्व मिळालेले नाही, हा उघड अन्याय आहे.

मॉरिशस, रेयुनियों व सेशेल्स येथे युरोपीय येईपर्यंत मनुष्यवस्तीच नव्हती. या बेटांवर मूळ रहिवासी असा कोणीच नाही. फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. मॉरिशस १८१० मध्ये इंग्रजांकडे गेले आणि तेथील गुलामगिरी १८३५ मध्ये संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते, म्हणून ती संपण्याआधीच करारबद्ध हिंदी मजुरांची भरती सुरू झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ जण पोर्ट लुईस बंदरात उतरले. त्यानंतर सुमारे साडेचार लाख मजूर तेथे आले. त्यांना उतरवून घेण्याचे ठिकाण, म्हणजे आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. नोंदवहीत प्रत्येकाचे नाव, वय, जात, गाव, उंची व अंगावरची खूण लिहिली जाई आणि त्याला एक क्रमांक मिळे. या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. मजुराच्या अंगावरचा व्रण टिपणारा कारकून केवळ ओळख पटवण्यापुरते लिहीत होता; आज त्याच ओळींवरून पणतू-खापरपणतू आपले गाव शोधतात.

बहुतेक मजूर कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले, त्या मानाने मुंबईतून थोडे. त्या थोड्यांत रत्नागिरी व आसपासच्या कोकणातली माणसे होती. मॉरिशसचा मराठी समाज त्यांच्यापासून वाढला. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत झाकरी नाचतात. कोकणातली जाखडी ती हीच. मराठी शाळेत शिकवली जाते, पण घरात बहुतेक जण क्रेओल भाषा बोलतात. राज्यघटना मराठी, तमिळ व तेलुगू भाषकांना ‘हिंदू’ या एकाच जमातीत धरते. मुस्लिम व चिनी या आणखी दोन. बाकीचे सारे, म्हणजे आफ्रिकी वंशाचे क्रेओल आणि मूठभर गोरे मळेमालक, ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या खान्यात. गुलामांचे आणि मालकांचे वंशज एकाच खान्यात बसवणे कारभाराला सोयीचे असेल. क्रेओल समाजाची उपेक्षा मात्र त्यामुळे दिसेनाशी झाली. विधानसभेच्या आठ जादा जागांचे वाटप याच चार गटांवरून आणि १९७२ च्या आकड्यांवरून ठरत आले आहे. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर जवळजवळ सर्व लोक क्रेओल कॅथलिक आहेत.

रेयुनियोंवर गुलामगिरी १८४८ मध्ये संपली, तेव्हा सुमारे ६२,००० माणसे मुक्त झाली. मुख्यतः तमिळ मजुरांचे वंशज ‘मलबार’, गुजराती मुसलमान ‘झाराब’, आफ्रिकी-मालागासी वंशाचे ‘काफ्र’, डोंगरातले गरीब गोरे ‘याब’ अशी नावे लोकांच्या तोंडी आहेत, सरकारदप्तरी नाहीत. अनेक मलबार कुटुंबे चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतात आणि देवळात निखाऱ्यांवरूनही चालतात. सेशेल्सची वस्ती १७७० पासूनची व प्रामुख्याने क्रेओल आहे. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेले आफ्रिकीही तेथे वसले.

कोमोरो द्वीपसमूहात बांटू, अरब व मालागासी रक्ताचे सुन्नी मुस्लिम राहतात. १९७५ मध्ये तीन बेटे स्वतंत्र झाली आणि मायोत फ्रान्सकडेच राहिले. धर्म व नातीगोती एकच असलेल्या लोकांमध्ये सरहद्द आली. फ्रान्सने १९९५ पासून कोमोरोवासीयांना व्हिसा सक्तीचा केला. तेव्हापासून कोमोरोच्या अंजुआन बेटाहून मायोतचे सुमारे ७० किलोमीटरचे अंतर लहान होड्यांतून चोरून कापताना हजारो माणसे बुडाली आहेत. २०१७ च्या पाहणीत मायोतचे जवळपास निम्मे रहिवासी परदेशी नागरिक ठरले. त्यांतले बहुतेक कोमोरोचेच होते.